कुठली वाटी?

न्यूट्रिशनच्या पदवीला प्रवेश घेतलेल्या मुलीला वर्षभर दोनच प्रश्न विचारले जातात. "म्हणजे स्वयंपाकच ना?" हा एक आणि "वजन उतरवायला काय घेऊ गं?" हा दुसरा. पहिला विचारणारी बाईच दोन मिनिटांनी दुसरा विचारते. त्यामुळे रागवायचं नेमकं कधी, हे त्या मुलीला ठरवता येत नाही.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत अशी एक आहे. नीटच्या मार्कांनी दगा दिला आणि तिने एसएनडीटीच्या जुहू कॅम्पसमधल्या होम सायन्स कॉलेजचा फॉर्म भरला. आजोबांनी "अण्णासाहेब कर्व्यांची १९१६ सालची युनिव्हर्सिटी आहे" एवढ्यावर होकार दिला. तिथे काय शिकवतात, ते त्यांनी अजूनही विचारलेलं नाही. ती रोज दादरला गाडी बदलून सांताक्रूझ गाठते. सॅकमध्ये एप्रन, जर्नल आणि श्रीलक्ष्मीबाईंचं जाडजूड 'डायटेटिक्स'.

पहिल्या सेमिस्टरला सगळे खूश होते, कारण प्रॅक्टिकलचा शिरा घरी यायचा. पुढे केल्डाल पद्धत आली. डाळीतलं प्रोटीन सरळ मोजत नाहीत, नायट्रोजन काढून त्याला ६.२५ ने गुणतात, हे कळल्यापासून ती घरच्या आमटीकडे वेगळ्याच नजरेने बघू लागली. मग नऊ गुणांची हेडॉनिक स्केल शिकली आणि आईच्या भरताला चव आठ, रंग पाच, टेक्स्चर सहा असे मार्क दिले. आईने पळी तिच्या हातात दिली आणि चार दिवस ओट्याकडे फिरकली नाही. तेव्हापासून घरात स्केलचा विषय बंद आहे.

आईला त्या अभ्यासक्रमातली एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे आयसीएमआरचा 'रेफरन्स मॅन'. आहाराचे सगळे आकडे ज्याच्यावर बेतलेले असतात तो हा आदर्श भारतीय पुरुष. वय १९ ते ३९, वजन ६५ किलो, उंची १७७ सेंटिमीटर. कुठलाही आजार नाही. आठ तास काम, आठ तास झोप, आणि दोन तास चालणं, खेळणं किंवा घरकाम. आईने चष्मा लावून ती व्याख्या दोनदा वाचली. "घरकामसुद्धा? असा कुणी असेल तर पत्रिका मागव."

तिची खरी परीक्षा मात्र आम्ही शेजारी घेतली. अभ्यासक्रमात 'रिकॉल' म्हणून एक प्रकार असतो. समोरच्याने चोवीस तासांत काय काय खाल्लं ते विचारून लिहून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. तळमजल्यावरच्या काकांकडे ती फॉर्म आणि मापाच्या वाट्या घेऊन बसली तेव्हा मी तिथेच होतो.

"काका, काल सकाळपासून सांगा."

"काही विशेष नाही गं. चहा."

"साखर?"

"नावाला."

"नावाला म्हणजे किती चमचे?"

"दोन," स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "आणि चहा तीनदा."

"दुपारी?"

"दोन पोळ्या, वाटीभर भाजी."

"कुठली वाटी?"

काका गडबडले. काकूंनी आतून वाटी आणून दाखवली. तिला वाटी म्हणणं हा काकांचा विनय होता, आमच्याकडे तेवढ्यात चौघांना शिकरण होते. मुलीने खालमानेने आकडा खोडला. या कामात एकदा विचारून भागत नाही, राहिलेलं आठवावं म्हणून पुन्हा सुरुवातीपासून यावं लागतं. दुसऱ्या फेरीत चिवडा निघाला. तिसऱ्या फेरीत ठाणे स्टेशनवरचा वडा.

"हा आधी का नाही सांगितलात?"

"अगं, तो उभ्याउभ्या खाल्ला. तो काय मोजायचा?"

आमच्या आजींचं प्रकरण आणखी बिकट. काल एकादशी होती, म्हणून त्यांनी "निरंक" एवढंच सांगितलं. खोदून विचारल्यावर साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस बाहेर पडले. बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० किलोकॅलरी लागतात, असं तिचं पुस्तक म्हणतं. आजींनी ती मजल दुपारीच मारली होती. वर दाण्याच्या कृपेने प्रोटीनही इतर वारांपेक्षा बरं भरलं.

दुसऱ्या वर्षी तिला अंगणवाडीत पाठवलं. तिथे मुलांच्या दंडाचा घेर टेपने मोजतात, ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल पट्टी. रिकॉल तिथेही भरायचा होता. तिथल्या आया वेगळंच सांगत. भात झाला, डाळ झाली, भाजी झाली, फळसुद्धा दिलं. डब्यात बघावं तर नुसता भात. भरल्या पोटी माणूस कमी करून सांगतो आणि अर्ध्या पोटी वाढवून, याला शास्त्रात 'फ्लॅट स्लोप' म्हणतात. हे तिने मला जिन्यात उभं राहून, हाताने उतार काढून समजावलं. ही मुलगी पास होणार, हे मी त्याच दिवशी ओळखलं. त्या आयांना तिने उलट प्रश्न केला नाही. फॉर्मवर त्या म्हणाल्या ते लिहिलं, बाजूला पेन्सिलीने डब्यात दिसलं ते. कुठली वाटी, हेही तिथे विचारलं नाही म्हणे.

काकांना मात्र तिने सोडलेलं नाही. रिकॉल तीन दिवसांचा असतो आणि त्यातला एक दिवस सुट्टीचा हवा. हे कळताच शनिवारी रात्री काकांचा तिला फोन.

"उद्या येऊ नकोस हं. उद्या मटण आहे. सोमवारी ये, सोमवारी मी फार शिस्तीत असतो."

"काका, मी रविवारचंच विचारणार आहे."

"मग जेवायलाच ये. निदान साक्षीदार तरी होशील."

ती गेली. मापाच्या वाट्या घेऊन गेली, रस्सा दोनदा मागून घेतला आणि सुक्क्यातली नळी काकांच्या आधी उचलली. या सेमिस्टरला विद्यार्थिनींना स्वतःचीही आहार-डायरी लिहायची असते. त्यात त्या रविवारपुढे नोंद आहे : मटण रस्सा, अर्धी वाटी.