सुखी आईबापांसाठी मार्गदर्शन: औंध आवृत्ती

निवृत्त आईबापांचे सुख मुलांच्या डोळ्यांत खुपणे, हा विकार अलीकडे खटावपासून आटपाडीपर्यंत बराच फैलावला आहे. लक्षणे ठरलेली. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणारा पस्तिशीचा मुलगा यमाईच्या यात्रेला औंधात येतो, ओसरीवरचा नवा पितळी कड्यांचा झोपाळा बघतो, किंमत विचारतो आणि जेवताना गप्प होतो. यावर सर्वांत लोकप्रिय उपाय उपदेशाचा. ‘आम्ही सायकलवर शाळेला जायचो, एका पगारात तीन बहिणी उजवल्या’ इथून सुरुवात करावी आणि आवाज चढता ठेवावा. पुढच्या यात्रेला मुलगा येत नाही. लक्षणेच दिसेनाशी होतात, म्हणजे गुण आला असे समजावे.

उपदेश करताना एक तारीख मात्र चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नये: १ नोव्हेंबर २००५. त्या दिवसापासून राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. आधी लागलेल्या गुरुजींना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम हयातभर आणि वर महागाई भत्ता. नंतरच्यांच्या पगारातून दरमहा कपात आणि पुढचे बरीच वर्षे बाजाराच्या मर्जीवर राहिले. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा प्राथमिक शाळेत नव्या शिक्षकांना तीन वर्षे दरमहा ३००० रुपयांवर राबायचे होते. हा आकडा १६,००० व्हायला २०२३ उजाडावे लागले. डी.एड. तेच, फळा तोच, पोरांची नाके तशीच वाहती. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत कर्मचारी संपावर गेले, तेव्हा ज्यांना ही नवी पेन्शनसुद्धा नाही अशी कंत्राटी पोरे तो संप मोबाईलवर बघत होती. तेव्हा बापाच्या सुखात कष्टाचा वाटा आहेच, पण जन्मसालाचाही आहे, आणि जन्मसाल हा काही कुणाचा सद्गुण नव्हे. मुलाला झोपाळा खुपत नाही. झोपाळ्यावर बसून नशिबाला कर्तृत्व म्हणणे खुपते. यावर ‘पोरगा आळशीच असला तर?’ असा आक्षेप येतो. असेल की. पण आळशी पोरे त्या पिढीतही होती. त्यांतली काही चिकटली नोकरीला, आणि आज दर महिन्याला पेन्शन घेतात.

बापाने करावे काय, याचा दाखला औंधातच आहे. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे या मुलखातले सर्वांत सुखवस्तू वडील: ७२ गावांचे संस्थान, चित्रांचा नाद, टेकडीवर संग्रहालय, रोजचे सूर्यनमस्कार. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परतले ते डोक्यात स्वराज्य घेऊन. राजांना ‘आमच्या वेळी’ची कॅसेट लावता आली असती, शिवाय त्यांच्यामागे प्रतिनिधी घराण्याचा सगळा इतिहास होता. त्याऐवजी मुलगा, पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन आणि गांधीजी यांच्या सल्ल्याने २१ जानेवारी १९३९ रोजी त्यांनी राज्यघटना देऊन कारभार पंचायतींकडे सोपवला. अप्पासाहेबांना घरभाडे भरायचे नव्हते, तेव्हा ही तुलना लंगडी आहे, हे मान्य. पण राजांनी राजवाडा सोडला नाही, चित्रे विकली नाहीत, नमस्कारही थांबवले नाहीत. सोडला तो ‘मी ठरवीन’ हा अधिकार, तोही कागदावर. पेन्शनरांच्या घरात नेमकी तीच गोष्ट सर्वांत शेवटी सुटते.

‘सगळे देऊन बसलो आणि उद्या पोराने बाहेर काढले तर?’ ही भीती खोटी नाही. ती खरी आहे म्हणून तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा झाला. मुलांच्या नावे राहत्या घराचे बक्षीसपत्र नाममात्र मुद्रांक शुल्कात होते, त्यामुळे भावनेच्या भरात सही करणारे पुष्कळ. सांभाळाची अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी. ती मोडली तर त्या कायद्याच्या कलम २३ नुसार ते रद्द करून घेता येते, आणि अट लिहिलेलीच नसेल तर वकिलाचे घर चालते. पण घर द्यायची घाई कशाला? आधी हिशेब द्यावा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाताना मुलाला बरोबर न्यावे, पासबुक त्याच्या हातात द्यावे, औषधाला किती जातात आणि त्याच्या खोलीच्या डिपॉझिटला किती देता येतील हे त्यालाच मांडू द्यावे. आकडा ठरला की पैसे द्यावेत आणि तोंड मिटावे. हा या उपचारातला सर्वांत कडू डोस. चारधामची सहल मात्र रद्द करू नये. मुलासाठी रद्द केलेल्या सहलीची आठवण आई त्याला बारा वर्षे तरी करून देते, आणि ती व्याजासकट.