‘मोफत’ श्रवण-चाचणीवाल्यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय चालक, मोफत श्रवण-चाचणी केंद्र,
स्टेशनपासून चालत दोन मिनिटं
(अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, सगळीकडे दोनच मिनिटं)

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या मामांच्या कानांची आपण फुकटात केलेली तपासणी. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मुक्काम मुलुंड पूर्व, खासगी कंपनीतून निवृत्त. त्यांचं पेन्शन सांगण्यासारखं नाही. हल्ली कुणी काहीही बोललं तरी ते हसून ‘हो, हो’ म्हणतात, त्यामुळे सोसायटीत त्यांच्याइतका लोकप्रिय सभासद दुसरा नाही. पण गॅसवाला बेल वाजवून परत जायला लागला, तेव्हा आम्ही आपल्या पायरीशी आलो.

आपल्याकडची शांतता मला फार आवडली. गालिचा, एसी, जाड काच. मॅडमनी यंत्र कानाला लावून, मामांच्या अगदी समोर बसून, ‘आजोबा, ऐकू येतंय ना?’ असं विचारलं आणि मामांना ऐकू आलं. त्या खोलीत कुणालाही काहीही ऐकू आलं असतं. बाहेर एलबीएस मार्गावर रिक्षा, बस आणि मेट्रोचं काम यांच्यामध्ये उभं राहून तोच प्रश्न विचारून पाहू, असं मी सुचवलं. ते आपल्या पॅकेजमध्ये बसत नव्हतं.

मग किंमत. ‘एका कानाचे साठ हजार,’ मॅडम म्हणाल्या, आणि मामांनी तत्काळ चेकबुक काढलं. उतारवयात कानाची वरची पट्टी आधी जाते. आ, ए, ओ ठणठणीत पोचतात. स, श, फ वाटेत विरून जातात. साठातला स गळाला की जे उरतं ते मामांनी ऐकलं होतं. दोन्ही कानांचे सोळा हजार त्यांना रास्त वाटले. ज्या दोषाचं निदान आपण दहा मिनिटांपूर्वी केलंत, त्याच दोषावर सौदा पुरा होऊ देण्याची आपली तयारी पाहून मी थक्क झाले.

मी आकडा मोठ्यानं उच्चारल्यावर चेकबुक खिशात गेलं. लगेच चाळीस टक्के सूट आली, ईएमआय आला, टॅक्सही माफ झाला. या शेवटच्या औदार्याबद्दल विशेष आभार. श्रवणयंत्रावरचा जीएसटी २०१७ पासून शून्यच आहे.

चार चॅनल, आठ, सोळा, बत्तीस असा चढता भाव ऐकून मामांना वाटलं, सोबत टीव्हीही मिळणार. चॅनल म्हणजे आवाजाचे पट्टे. कुठला पट्टा किती उचलायचा हे माणसाचा कान पाहून, पुन्हा पुन्हा बोलावून ठरवावं लागतं. ते करणारा जाणता ऑडिऑलॉजिस्ट नसेल, तर चार आणि बत्तीस यांतला फरक फक्त बिलात ऐकू येतो. या व्यवसायासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, कायदा १९९२ चा आहे. मी मॅडमचा नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा कॉफी आली. कॉफी उत्तम होती.

चाचणीआधी कानात डोकावून पाहण्याची पद्धत आहे, तेवढं मात्र राहून गेलं. नंतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मामांच्या उजव्या कानातून जो ऐवज बाहेर काढला, तो पाहता आपण बहुधा मळाचीच श्रवणशक्ती मोजली होती.

पण आपलं खरं कसब ‘कुणाला दिसणारसुद्धा नाही’ या वाक्यात आहे. चष्मा नाकावर बसवून माणूस लग्नात मिरवतो. कानातलं यंत्र मात्र लपलं पाहिजे. जितकं लपेल तितकं महाग. लाज आमची, भाव तुमचा. मामांना शर्टाचं वरचं बटण लावता येत नाही. त्यांनी मुगाएवढा सेल चिमटीत धरून वाटाण्याएवढ्या यंत्रात बसवायचा, तोही कुणी पाहत नसताना! मामांना तर ते दिसायलाच हवं होतं. लोक यंत्र पाहून आपोआप सावकाश बोलतात, हे त्यांनी बागेतल्या मित्रांकडे पाहिलेलं.

सगळं श्रेय आपल्यालाच जाऊ नये म्हणून सरकारदरबारीही चौकशी केली. केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेत महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर यंत्र फुकट, ३०,००० पर्यंत अर्ध्या किमतीत. पेन्शनच्या बाबतीत मामा सहज पात्र ठरले. मात्र दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं, आणि २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत निदान ६० डेसिबलची घट हवी. मामांची भरली पंचावन्न. समोरचा माणूस साधं बोलतो तेच साधारण साठ डेसिबलनं. म्हणजे बोलणं जेमतेम कळायला लागतं, पण सरकारच्या लेखी कान शाबूत. पाच डेसिबलनी मामांचं दिव्यत्व हुकलं. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना, २०२४ ची, पासष्टीपुढच्यांना एकदाच ३,००० रुपये देते. तिथे कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत हवं. मामांच्या मुलाचा पगार आडवा आला. पुरेसे गरीब नाही, पुरेसे बहिरेही नाही. अशी माणसं आपल्या दुकानासाठीच घडवली जातात.

अखेर वांद्रे रेक्लमेशनला गेलो. तिथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे; हे गृहस्थ महाराष्ट्राचे राज्यपाल होते. नाममात्र शुल्कात नीट चाचणी झाली, आणि यंत्र आजच घ्या असं कुणी म्हणालं नाही, त्यामुळे मामा जरा अस्वस्थच झाले. कानामागं बसणारं साधं डिजिटल यंत्र आम्ही आपल्या आकड्याच्या चौथाईत घेतलं. पहिल्या आठवड्यात पंखा, भांडी आणि मामींच्या बांगड्या एकदम ऐकू आल्यानं मामांनी ते डब्यात ठेवून दिलं. दोनदा जाऊन पट्टे जुळवून आणले, मग बाहेर आलं. आता रात्री ते सिलिका जेलच्या डबीत झोपतं. मुंबईच्या जुलैत माणसाला बुरशी येते, तिथे यंत्राची काय कथा!

तरी आपल्याशी संबंध तोडायची इच्छा नाही. बोरिवलीच्या मावशींचे कानही आता जायला लागलेत. त्यांना घेऊन येईन तेव्हा यंत्र आठवडाभर घरी वापरायला द्यावं, आणि किंमत अक्षरी, ठळक, कागदावर लिहून मावशींच्या हातात ठेवावी.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
मामांची भाची

ता. क.: मामांच्या चाचणीचा आलेख, लाल गोल आणि निळ्या फुल्यांचा तो कागद, मी मागितला असता ‘यंत्र घेतल्यावर फाइलसोबत मिळेल’ असं उत्तर मिळालं. मोफत चाचणीचा निकाल नुसता विकत घ्यायचा झाला तर काय पडेल, तेवढं उलटटपाली कळवावं.