सोडायचं काय?

इतर कुठल्याही गावाला निघालेल्या माणसाला लोक विचारतात, तिथं खायला काय चांगलं मिळतं? मराठी माणूस काशीला निघाला की विचारतात, काय सोडणार? आवडता एखादा पदार्थ काशीत सोडून यायचा आणि जन्मभर त्याला शिवायचं नाही, अशी आपल्याकडची जुनी रीत. या बाबतीत आमच्या घराण्याची कामगिरी मोठी उज्ज्वल आहे. आजोबांनी काशीत कारलं सोडलं होतं. आजीनं दुधीभोपळा. एका चुलतकाकांनी फणस सोडला आणि पुढं आयुष्यभर गरे खाल्ले. गरा म्हणजे फणस नव्हे, हे त्यांनी शास्त्रार्थ करून सिद्ध केलं होतं.

या सगळ्यांवर माझ्या आत्याचा राग आहे. "सोडायचं तर आवडतं सोडावं," ती म्हणते. "नावडतं सोडायला काशी कशाला? ताटात तसंच ठेवून उठलं की झालं."

खरं तर आम्ही काशीला नव्हे, थायलंडला जाणार होतो. मुलीनं चिआंग माईचा सगळा बेत आखून दिला होता. राजा मेंगरायनं १२९६ साली वसवलेलं डोंगरातलं शहर, भोवती तट आणि खंदक, पावलोपावली बौद्ध देवळं, डोक्यावर डोई सुथेपचा डोंगर आणि जेवायला नारळाच्या दुधाच्या रश्श्यात सोडलेल्या शेवया. "बाबा, संस्कृती, खाणं आणि निसर्ग, तिन्ही एका ठिकाणी," असं तिनं फोनवर सांगितलं. फोन स्पीकरवर होता आणि आत्या शेजारी वाती वळत बसली होती.

"जुनी देवळं, चमचमीत खाणं आणि डोंगर-पाणी, एवढंच ना? मग काशीनं काय घोडं मारलंय?"

"अगं आत्या, काशीत डोंगर नाही."

"गंगा कुठून येते रे? डोंगरातूनच ना?"

आत्या वाईची. वाईला दक्षिण काशी म्हणतात, त्यामुळे ऐंशीच्या घरात आल्यावर मूळ प्रत एकदा तपासून यावी, अशी तिची इच्छा होती. मलाही आठवलं, काशीला एकदा मी निघालोच होतो. सोडमुंजीत छत्री-काठी घेऊन मांडवाच्या दारापर्यंत गेलो होतो. तिथं मामानं 'जाऊ नकोस, मुलगी देतो' म्हणून परत फिरवलं. मुलगी काही दिली नाही. "त्याचं अजून वाईट वाटतंय का?" असं बायकोनं विचारलं, तेव्हा मी घाईघाईनं काशीची तिकिटं काढली.

काशीत उतरल्यावर मराठी माणसाला जो रोग जडतो, तो मालकीहक्काचा. घाटावर पाऊल टाकलं की तो आपली इस्टेट मोजायला लागतो. तसं मोजण्यासारखं आहेही. विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास बांधून काढलं. नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास बांधलेला शिंदे घाट तर इतका भक्कम होता, की स्वतःच्याच वजनानं खचला. पंचगंगा घाटावरचं बिंदुमाधवाचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींचं. त्याआधी १५७३ साली संत एकनाथांनी आपलं भागवत इथंच पुरं केलं. शिवरायांचा राज्याभिषेक करायला गागाभट्ट इथूनच आले. झाशीची राणी जन्मली भदैनीत. 'आज' या हिंदी दैनिकाचे नामवंत संपादक बाबुराव विष्णु पराडकर यांचं घरही मराठीच. असा सात-बारा पाठ करून मी पहाटे नावेत बसलो.

"ये घाट हमारे भोसलेजी ने बनाया," मी नावाड्याला ऐकवलं. तो वल्ही मारत राहिला. "वो मंदिर हमारी अहिल्याबाई ने." त्यानं मान हलवली. शिंदे घाट आला तसा मी बायजाबाईंकडे वळलो. तेव्हा तो वल्ही आवरून शांतपणे म्हणाला, "हाँ बाबूजी, घाट सब आप ही लोगों का है. नाव हमारी है. छह सौ लगेगा."

आत्यानं मला कोपरानं ढोसलं. "मेणवलीच्या घाटावर बसून नाना फडणवीसांनी एवढ्या बाता मारल्या नसतील."

शिंदे घाटाच्या कुशीत रत्नेश्वराचं देऊळ आहे, तिरकं कललेलं. पिसाच्या मनोऱ्यापेक्षा हे जास्त कललंय, असं इथला प्रत्येक नावाडी सांगतो. पिसाला लोक तिकीट काढून जातात आणि मनोरा पडू नये म्हणून इंजिनीअर झटतात. काशीत देऊळ कललंय तर कललंय. पावसाळ्यात गंगा येऊन गाभारा बुडवून जाते, मग लोक गाळ उपसतात आणि पुन्हा फोटो काढतात. आत्यानं मान तिरकी करून पाहिलं, हात जोडले आणि निकाल दिला, "माझी पाठ याच्यापेक्षा बरी आहे."

आता निसर्ग. गंगा इथं उत्तरेला वळते, म्हणून उगवता सूर्य बरोबर घाटांच्या समोर येतो. पैलतीरावर गाव नाही, नुसती रेती. हिवाळ्यात पाण्यावर पांढरे कुरव पक्षी उतरतात. सायबेरियातून आलेत, असं सगळे सांगतात. एवढा हिमालय ओलांडून ते कशासाठी येतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. शेवेसाठी. नावाडी शेवेच्या पुड्या विकतात; 'आओ, आओ' अशी आरोळी दिली आणि मूठभर शेव उधळली, की पन्नासेक पक्षी डोक्यावर कलकलाट करतात. शेव पाण्याला टेकायच्या आत चोचीत. आमच्यावरच्या थव्यात एक जाडजूड पक्षी होता, तो नावेच्या कडेला बसून राहिला आणि हातात उघडी पुडी असलेल्या बायकोकडे एकटक बघत होता. "हा तुमच्या माहेरचा दिसतोय, आत्या," बायको म्हणाली. "फरसाण दिसलं की उठत नाही."

उरलं खाणं. तिथंच घोळ झाला. सोडायचा पदार्थ आत्याच्या नियमानं आवडता हवा आणि शेवटच्या संध्याकाळी गुरुजींसमोर संकल्प करायचा होता. घरून मी मनाशी एक यादी करून आणली होती: जिलेबी, दही, टोमॅटो. ही यादी काशीनं एकेक करून फाडली.

पहिल्या सकाळी गल्लीत कचौरीवाल्यापुढं उभे राहिलो. पानांच्या द्रोणात कचौरी, तिच्यावर बटाटा-चण्याची तिखट रस्साभाजी आणि शेजारच्याच कढईतली गरम जिलेबी. काशीकरांच्या मते कचौरी आणि जिलेबी यांची ताटातूट करणं पाप आहे. जिलेबी यादीतून गेली. दुपारी कुल्हडातली लस्सी आली, वर मलईचा थर. दही गेलं. संध्याकाळी टमाटर चाट: टोमॅटो तव्यावर तुपात घोटून, त्यात बटाटा, मसाले, जिरं घातलेला साखरेचा पाक आणि वर कुरकुरीत शेव. टोमॅटो या फळाचं आपण महाराष्ट्रात नुसतं सार आणि कोशिंबीर करत बसलो, हे लक्षात येऊन मला घराण्याची कीव आली. टोमॅटो सोडणं रद्द.

"चहा सोडा," बायकोनं सुचवलं. नेमक्या त्याच वेळी समोर मातीच्या कुल्हडात वाफाळता चहा आला. तिनं स्वतःच दोन घेतले आणि विषय बदलला.

पान सोडावं असंही एकदा मनात आलं, पण बनारसी पानाचं माहात्म्य फार. एका गृहस्थांना मी ठठेरी बाजारचा रस्ता विचारला. त्यांच्या तोंडात नुकतं लावलेलं पान होतं. बोलायचं तर ते थुंकावं लागणार आणि एवढ्या क्षुल्लक कामासाठी ते थुंकणार नव्हते. त्यांनी हनुवटी आकाशाकडे केली, गालातला रस सांभाळला, उजवा हात लांब केला, मग डावीकडे वळवला, दोन बोटांनी शिंगं करून दाखवली आणि तळहात आडवा धरून थांबवला. मी वाक्य लावलं: उजवीकडे जा, डावीकडे वळा, तिथं सांड बसलेला असेल, त्याच्या अलीकडे थांबा. काशीत चार गोष्टींपासून जपावं म्हणतात. त्यांतल्या सांड, पायऱ्या आणि संन्यासी या तीन मी आत्याला सांगितल्या; चौथी वडीलधाऱ्यांसमोर बोलण्यासारखी नाही. सांड खरोखरच बसला होता, गल्लीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. आत्यानं त्याच्या वशिंडाला हात लावून नमस्कार केला, "सरक रे बाबा" म्हणाली आणि तो सरकला. हिंदीत सांगितलं असतं तर सरकला नसता, असं तिचं मत आहे.

आणि ठठेरी बाजारात मलइयो भेटली. कढवलेलं दूध हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर दवात ठेवायचं आणि पहाटे घुसळून त्याचा फेस काढायचा. त्यात केशर, वेलची, वरून पिस्त्याचे काप. मोठ्या परातीत पिवळ्या फेसाचा ढीग असतो. दुकानदारानं तो हलक्या हातानं कुल्हडात भरला. मी तोंडात घातला आणि चावायला गेलो, तर काही नव्हतंच. नुसती केशराची चव राहिली होती. दुसरा घास घेतला, तोही गेला. कुल्हड रिकामं झालं तेव्हा दुकानदारानं न मागता त्यातच केशरी दूध ओतलं. आत्या डोळे मिटून प्यायली आणि म्हणाली, "हे बासुंदीचं वैकुंठ आहे." थंडी सरली की मलइयो बंद. ऊन चढलं की त्या दिवसाची संपली. काशीबाहेर मिळणं कठीण.

मुलीची समजूत काढायला आम्ही सारनाथलाही गेलो. बुद्धांनी पहिला उपदेश केला ते हे ठिकाण. धमेख स्तूपाला प्रदक्षिणा झाली, संग्रहालयातले अशोकाचे सिंह पाहिले आणि थाई विहारात जाऊन सुमारे ८० फुटी उभ्या बुद्धमूर्तीपुढं आत्याचा फोटो काढला. मुलीला पाठवला. खाली आत्यानं लिहायला सांगितलं: 'थायलंड झालं. पासपोर्ट लागला नाही.'

शेवटच्या संध्याकाळी ब्रह्माघाटाच्या बाजूला गुरुजींकडे गेलो. या भागात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदतायत. गुरुजींच्या मराठीला हिंदीचा हेल होता. "बसा ना, बसा," म्हणाले. "काय काय सोडायचं आहे? कारलं असेल तर आधी सांगतो, त्याचं पुण्य आता फार कमी झालं आहे."

आत्या पुढं सरकली. "हापूस," ती म्हणाली.

आम्ही दोघं बघतच राहिलो. गुरुजींची पळीही थबकली. "माई, विचार करून घ्या."

"केला. वाद जिंकायची खाज आमच्याकडे त्याच्यावरूनच, आंबा म्हणजे फक्त हापूस. इथला लंगडा आंबा खाऊन बघायचा राहिलाय. आता जूनमध्ये यायलाच लागेल."

बायकोनं काय सोडलं ते तिनं मनातच म्हटलं आणि उदक सोडलं. विचारलं तर नुसती हसते. तेव्हापासून मी घरात जरा जपूनच वागतो.

माझा नंबर आला. आवडता पदार्थ हवा, हा आत्याचा नियम. जन्मभर पाळता यायला हवा, ही माझी अट. मी हात पुढं केला आणि ठणठणीत आवाजात म्हणालो, "मलइयो."

बायकोनं कपाळाला हात लावला. पुण्यात मिळत नाही, उन्हाळ्यात असत नाही. असं बिनखर्चाचं पुण्य आमच्या घराण्यात आजवर कोणी केलं नव्हतं. फणसवाले काका असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

गुरुजींनी पळीत पाणी घेतलं. "छान," ते म्हणाले. "गाडी केव्हाची आहे आपली?"

"उद्या दुपारची."

"म्हणजे सकाळ इथंच आहे," म्हणत त्यांनी माझ्या हातावर उदक सोडलं.