पखवाजवाल्याले पोरगी कोन देईन?

"काय व मिरजवाली, ऐकलं का? मोडली ना सोयरीक!"

"कुणाची, काकू?"

"मागच्या गल्लीतल्या पखवाजवाल्याच्या पोराची. चिखलीची पोरगी होती. पोरीले पसंत, बापाले पसंत. मायनं इचारलं, पोरगा करते काय? मध्यस्थ म्हने, पखवाज बनवते अन् वाजवतेही. झालं! माय म्हने, बनवते तं मिस्तरी म्हना, वाजवते तं बुवा म्हना. दोन्ही म्हटलं की पगार कोन देते तेच समजत नाही."

"आईचं तरी काय चुकलं, काकू?"

"चुकलं कसं नाही? शेगावची पालखी निघायच्या आधी पाह्य त्याच्या दारात. गावोगावच्या भजनी मंडळाचे पखवाज येऊन पडतात. कोनाची वादी तुटली, कोनाची शाई उडाली. पावसाची हवा लागली की चामडं ढिलं पडते, अन् वाजवत जायचं पार पंढरपूरलोक. अर्ध्या रात्रीलोक शाई घोटून राह्यते पोरगं."

"आणि आषाढी झाल्यावर?"

"मंग गनपती, नवरात्र, सप्ताह. मधातले दिवस तू काहून मोजते?"

"मी नाही, तिची आई मोजते. आमच्याकडं मिरजेत हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. सतारी-तंबोरे बनवणारे ते लोक मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. पुढं तलवारीला कोण विचारत नव्हतं. तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या भावानं वाद्यं दुरुस्त करायला घेतली, मग बनवायलाच लागले. दीडशेच्या वर वर्षं झाली."

"म्हंजे तवाही कोनी माय म्हनली असन, घरानं तलवारीचं अन् पोरगा भोपये कोरत बसते!"

"म्हणाली असेल की! आणि ते भोपळेसुद्धा खायचे नव्हेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, कडू, जाड सालीचे. वाळवून, कापून मग त्याचा तंबोरा."

"पंढरपुराहून? पाह्य, तुमचाही माल इठोबाकडूनच येते. पन माह्या नातवाचं वायलंच. तो म्हने आज्जी, पाचशे वर्षांनी मानूस काहीच बनवनार नाही. मशीनच बनवीन, मशीनच वाजवीन, अन् ऐकनारंही मशीनच राहीन. आताच मोबाइलमधी तंबोरा वाजते म्हने."

"वाजतो. सकाळी रियाजाला मीही तोच लावते, खोटं कशाला बोलू. पण काकू, जवारी काढणारा माणूस तुम्ही बघायला पाहिजे. तारा टेकतात ना त्या घोडीवर, तिथं कानशीनं इतकुसं घासायचं. तार छेडायची. परत घासायचं. मग तारेखाली सुताचा धागा घालायचा आणि केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवत बसायचं. एका जागी आवाज एकदम उमलतो. ती जागा मोजपट्टीवर सापडत नाही, कानालाच कळते. गवयाची पट्टी बदलली की पुन्हा पहिल्यापासून."

"अन् हा काय करते? शाईचा एक थर देते, घोटते, थाप मारून ऐकते, मंग दुसरा थर. डाव्या अंगाले कनीक लावते, पुन्हा थाप. वाजवता न येनाऱ्यानं पखवाज बनवून दाखवावा ना मले! ते मिस्तरी अन् बुवा दोन कामं नाहीत व, एकच हाये. हे त्या मायले कोनी सांगावं?"

"सरकारनं सांगितलं थोडंफार. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं."

"त्यानं लग्न जमते का?"

"ते काही ऐकलं नाही बाई."

"भेंडवळले इचारावं लागीन. आखजीले घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पाऊस सांगतात, पीक सांगतात, राजाची गादी सांगतात. पखवाजवाल्याचं काही सांगत नाहीत."

"नातवाला माझ्याकडं पाठवा. पाचशे वर्षांचं काय घेऊन बसलाय! आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकर, त्यांची भैरवी अमेरिकेनं सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर घालून अवकाशात पाठवलीय. व्हॉयेजर यानातून. एक यान 5 सप्टेंबर 1977 ला सुटलं आणि 16 तारखेला बाई गेल्या. आता ते इतकं लांब गेलंय की प्रकाशालाही तिथं पोचायला जवळजवळ एक दिवस लागतो. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास जायला अजून 40 हजार वर्षं."

"चाळीस हजार! आपल्या लोणारच्या तळ्याएवढं म्हन की."

"तळ्याचं वय एका हिशेबानं पन्नासेक हजार, दुसऱ्या हिशेबानं पाच लाखांच्याही वर. शास्त्रज्ञांचंच अजून जमलेलं नाही."

"त्याईचंही जमलं नाही, याचंही नाही. बरं, ते तबकडी ऐकनार कोन? पिन कोठून आनतीन ते?"

"पिन दिलीय सोबत. कशी लावायची त्याचं चित्रही कोरलंय वर."

"शहाने हायेत. अन् बाईच्या मागं साथीले?"

"तबला वाजतो."

"त्या तबल्याची शाई कोनी घोटली, त्याचं नाव हाये का त्या तबकडीवर?"

"नाही हो. वाजवणाऱ्याचंसुद्धा नाही."

"पाह्य! म्हंजे 40 हजार वर्षांनी थाप ऐकू येईन, पन सोयरीक मोडलेलीच राहीन."

"काकू, खरंच मोडली का पण?"

"काल दुपारलोक तं मोडलेलीच होती. आता तुले सांगतो, मनात ठेव. पोरगी भजनी मंडळात टाळ वाजवते. तिच्या मंडळाचा पखवाज बिघडला म्हने. चिखलीत कोनी दुरुस्तीवाला नसन का? पन नाही! बुलढान्यालेच न्यायचा. मायनं हो म्हटलं, पन मीही संग येतो म्हने."

"अगंबाई! आली?"

"आली ना! दोन घंटे बसली ओट्यावर. चहा माह्या घरून गेला, म्हून तं माहीत. त्यानं पुडी उतरवली, नवी चढवली, गट्टे ठोकून ठोकून सूर मिळवला, अन् वाजवाले बसला तं गल्लीतले पोट्टे गोळा झाले."

"आणि पोरगी?"

"पोरगी भिंतीकडं पाहत होती. इतकं कोनी भिंतीकडं पाहते का?"

"आई काय म्हणाली?"

"काहीच नाही. जाताना फक्त इचारलं, एका पुडीचे किती घेता, अन् पालखीच्या आधी अशा किती चढवता."