घाटापुरतं इंजिन

रविवारी दुपारी भुशी गावातले एक काका आमच्या ओसरीवर येऊन बसले. चालतच आले होते. रस्त्यावर गाड्या भरपूर होत्या, पण एकही हलत नव्हती. हातातला घडी घातलेला कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. गाडीच्या लीजचं कोटेशन होतं.

"ताई, सूनबाईसाठी दुसरी गाडी घ्यायचीय. पोरगा म्हणतो लीजवर घेऊ, डाउन पेमेंट नको, विम्याची कटकट नको, तीन वर्षांनी परत देऊन टाकू. मी म्हणतो विकत घेऊ. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटलं, लीज नको. नवी कोरीही नको. काका गप्प झाले. दोन्ही बाजूंनी नकार येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. या घराला दुसरी गाडी लागते, यात मला शंका नाही. पहिली गाडी घेऊन मुलगा तळेगाव एमआयडीसीत पाळीला जातो. सून लोणावळ्यात शाळेत शिकवते आणि रोज स्कूटरवर, सहा वर्षांच्या लेकीला मागे बसवून जाते. जून ते सप्टेंबर हा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, सकाळी सातला धुकं असं की समोरची गाडी अंगावर आल्यावरच दिसते, आणि त्यात घाटरस्त्याची सवय नसलेले पाहुणे चालक. रेनकोटातून ते पोर आईच्या पाठीला चिकटून बसलेलं दिसलं की माझ्या पोटात कालवतं.

भुशीपासून लोणावळा स्टेशन साधारण सहा किलोमीटर. या सहा किलोमीटरला वेळेवर, दर वीस मिनिटांनी एक बस असती तर काकांना हा कागद घेऊन फिरावं लागलं नसतं. १९७८ पासून पुणे-लोणावळा लोकल धावते, आणि दुपारच्या गाड्यांसाठी मावळातली माणसं वर्षानुवर्षं निवेदनं देत आलीत. जी बस आली नाही आणि जी लोकल दुपारी मिळत नाही, तिचं भाडं प्रत्येक घर गाडीच्या हप्त्यातून भरतंय. पर्यटकांसाठी वाहनतळाचा आराखडा निघतो, एकेरी वाहतुकीचे फलक लागतात. गावातल्या बाईने नोकरीवर कसं जायचं, हे कुठल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर येत नाही. याचा मला मनापासून राग आहे. पण बस येईपर्यंत त्या पोरीला पावसात भिजवत ठेवता येत नाही. म्हणून कागद उघडला.

कागदावर लिहिलं होतं: महिना १८,५०० रुपये, सगळे कर धरून. मुदत ३६ महिने. विमा आणि सर्व्हिसिंग त्यातच. मर्यादा महिन्याला १,००० किलोमीटर, वर गेल्यास किलोमीटरमागे जादा आकार.

१८,५०० गुणिले ३६, म्हणजे ६ लाख ६६ हजार. एवढे भरून तीन वर्षांनी हातात काय, तर काही नाही.

तीच गाडी विकत घेतली तर? रस्त्यावर येईपर्यंत आठ लाख धरू. १ लाख ६० हजार रोख, ६ लाख ४० हजारांचं कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता येतो १३,२८५ रुपये. तीन वर्षांत रोख आणि हप्ते मिळून जातात ६ लाख ३८ हजार. त्या दिवशी कर्ज उरतं २ लाख ९१ हजार आणि गाडी विकली तर पावणेपाच लाखांच्या आसपास येतात असं धरा. विमा-सर्व्हिसिंगचा एक लाख मिळवा. सगळं वजा-बेरीज करून तीन वर्षांचा खरा खर्च साडेपाच लाख. डाउन पेमेंटच्या रकमेवर बँकेत मिळालं असतं ते व्याजही मी धरलं. तरी लीज ऐंशी हजारांनी महाग. आणि गाडी तीन वर्षांनी विकायचं बंधन तर कुणी घातलेलं नाही. हप्ते फिटल्यावर ती आणखी पाच वर्षं चालवली की हा फरक कुठल्या कुठे जातो.

हे ऐंशी हजार कुठून येतात? लीज कंपनीही कर्ज काढूनच गाडी घेते, ते व्याज तुमच्या भाड्यात. गाडीची किंमत उतरण्याची जोखीम ती घेते, तिचा मोबदला तुमच्या भाड्यात. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतची पेट्रोल गाडी माणसाच्या नावावर नोंदली तर रस्ता कर ११ टक्के. कंपनीच्या नावावर खासगी गाडी म्हणून नोंदली तर २० टक्के, आणि तोही शेवटी तुमच्या भाड्यात. वर कंपनीचा नफा. कटकट नको म्हणतात ती अशी मोजून विकत घ्यावी लागते.

त्याहून मोठी गोष्ट किलोमीटरची. सूनबाईची शाळा जाऊन-येऊन बारा किलोमीटर. पंचवीस दिवसांचे तीनशे. महिन्यातून एकदा काकांच्या आईला, म्हणजे आजींना, निगडीच्या दवाखान्यात न्यायचं, त्याचे शंभर. बाजार, लग्नकार्य धरून पाचशेवर काटा जात नाही. भाडं मात्र हजार किलोमीटरचं. घरातली दुसरी गाडी बहुतेक ठिकाणी अशीच कमी फिरते, आणि लीजचा करार लिहिलेला असतो भरपूर फिरणाऱ्या गाडीसाठी. न फिरलेले पाचशे किलोमीटर कुणी परत देत नाही.

मग आम्ही दोघं खाली जाऊन काकांची पहिली गाडी बघून आलो. चार वर्षांची. डाव्या मागच्या दरवाजावर हातभर लांब ओरखडा. कुणा पाहुण्याने भुशी धरणाच्या वळणावर आरसा घासत नेलेला, थांबलाही नाही. पुढच्या बंपरचा कोपरा आत गेलेला. तीन दिवस गाडी उभी होती म्हणून चाकांच्या आत ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज चढलेला. दार उघडलं तर ओल्या पोत्याचा वास, स्टिअरिंगवर बुरशीची पांढरी पूड, बोट फिरवलं की बोटाला लागणारी. सीटबेल्टच्या कडेलाही तेच. हे काकांचं दुर्लक्ष नाही. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. क्लच प्लेट तर तीन वर्षांत एकदा बदलून झाली, कारण शनिवार-रविवारी धरणाच्या चढावर हाफ क्लचवर तासभर उभं राहावं लागतं. काट्यावर दोन किलोमीटर दिसतात, गाडीने मात्र वीस किलोमीटरची झीज सोसलेली असते.

ही गाडी लीजची असती तर? करारात 'सर्वसाधारण झीज वगळून' असं वाक्य असतं. सर्वसाधारण कशाला म्हणायचं ते ठरवतो गाडी परत घ्यायला आलेला त्यांचा तपासनीस. त्याच्या तक्त्यात भुशीचा पाऊस नाही, रविवारचा रस्ता नाही. प्रत्येक ओरखड्याला रक्कम लिहिली जाईल आणि अनामत रकमेतून कापली जाईल. जिथे गाडीला ओरखडा पडणारच आहे, तिथे ओरखडा स्वतःच्या गाडीवर पडलेला बरा. तो घेऊन निवांत फिरता येतं.

लीजच्या बाजूने एक मुद्दा खरा भक्कम आहे आणि तो मावळातलाच आहे. २००८ मध्ये तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. शेवरलेची स्पार्क आणि बीट तिथेच बनायची. आपल्या तालुक्यात बनलेली गाडी म्हणून माणसांनी कौतुकाने घेतली. मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेर भारतात विक्री बंद. कारखाना निर्यातीसाठी २०२० पर्यंत चालला, पुढे २०२३ मध्ये तो ह्युंदाईने घ्यायचा करार केला. पण ज्यांच्या दारात बीट उभी होती त्यांचं काय? जुन्या बाजारात त्या गाडीचा भाव एका घोषणेने घसरला. भाड्याची गाडी असती तर हा फटका गाडीच्या मालक कंपनीने खाल्ला असता. हे मी काकांना सांगितलं, कारण न सांगणं लबाडीचं झालं असतं. ज्याची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, ज्याला कंपनीमार्फत लीज घेऊन पगारात करसवलत मिळते, किंवा ज्याला इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचा भरवसा वाटत नाही, त्याने लीजचा विचार जरूर करावा. एमजीने सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर गाडी आणली तेव्हा गाडी विकत आणि बॅटरी किलोमीटरला साडेतीन रुपये भाड्याने, असाही पर्याय दिला होता. जोखीम वाटून घ्यायचा तो एक मार्ग आहे. पण काकांचं घर कुठे बदलीवर जाणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या भुशीत आहे आणि इथेच राहणार आहे.

भुशीच्या माणसाला हा हिशेब समजवायला दूर जावं लागत नाही. हे धरण जीआयपी रेल्वेने बांधलं ते वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून. पाणी रोज लागणार होतं, तेव्हा रेल्वेने स्वतःचं धरण बांधलं. त्याच रेल्वेने १८६३ मध्ये बोरघाट चढून गाडी वर आणली, आणि त्या चढाला एक इंजिन पुरत नाही. म्हणून आजही कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात, ती गाडीला ढकलत वर आणतात आणि लोणावळ्याला सुटतात. पुण्यापर्यंत ती कुणी नेत नाही. काकांचे वडील रेल्वेत खलाशी होते, काकांना हे पाठ आहे.

"म्हणजे सूनबाईची शाळा म्हणजे पाणी," काका म्हणाले, "आणि आईचा दवाखाना म्हणजे घाट."

अगदी तेच. शाळा रोजची, तेव्हा त्यासाठी स्वतःची लहान गाडी. दवाखाना महिन्यातून एकदा, त्या दिवशी गावातल्याच टॅक्सीवाल्याला सांगायचं. आजींना ऐसपैस बसता येईल अशी मोठी गाडी हवी, असं मुलाच्या मनात होतं. महिन्यातल्या एका दिवसासाठी उरलेले एकोणतीस दिवस मोठ्या गाडीचा हप्ता भरायचा? टॅक्सीचे पैसे गावातल्या घरात जातील, आणि आजींना मागच्या सीटवर आडवंही होता येईल.

रोजची लहान गाडीही जुनी घ्या, असं मी म्हटलं. चार-पाच वर्षं वापरलेली, साडेतीन लाखांपर्यंतची, रोखीने. विमा कंपनीच्या तक्त्यात गाडीची किंमत पहिल्याच वर्षी १५ टक्क्यांनी उतरते आणि चार वर्षं पुरी होऊन पाचवं लागलं की निम्म्यावर येते. तो उतार पहिल्या मालकाने सोसलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नव्या स्वस्त झाल्या, तशा जुन्यांनाही उतरावं लागलं. आज साडेतीन लाखांची घेतली आणि पाच वर्षांनी दीड लाखाला गेली, तर गाडीपायी महिन्याला गेले साडेतीन हजारांच्या आत. दुरुस्तीला तेवढेच धरले तरी सात हजार. १८,५०० च्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

जुनी घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून घ्यावी. लिफ्टवर चढवून तळाचा गंज बघायचा. पायाखालचं कार्पेट उचलून ओल आणि चिखलाची रेघ बघायची, पुरात बुडालेली गाडी तिथेच ओळखू येते. परिवहनच्या साइटवर थकलेली चलनं तपासायची. आधीचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आरसीवरचा बोजा उतरलाच पाहिजे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि मग एमएच १४ च्या आरटीओत नाव बदलून घ्यायचं. विम्यावरही चौदा दिवसांत नवं नाव चढवायचं.

"नाव कुणाचं लावू?" काकांनी विचारलं. "पोराचं ना?"

चालवणार कोण, मी विचारलं.

काका थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिले. गाड्या आता जरा सरकू लागल्या होत्या. त्यांच्या घरात दोन शेतं आहेत, एक टपरी आहे, पहिली गाडी आहे, आणि त्यातल्या कशावरच घरातल्या एकाही बाईचं नाव नाही. लीजच्या गाडीत हा प्रश्नच आला नसता, तिथे सूनबाईला फक्त चावी मिळाली असती.

त्यांनी खिशातलं पेन काढलं, कोटेशनचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सुनेचं पूर्ण नाव लिहिलं. माहेरचं नाव लिहायचं की सासरचं, ते आधार कार्ड बघून ठरवू म्हणाले.