मोल्सवर्थांच्या चहाड्या

"अगं, त्या अँथनीने सगळं घालवलं ते जेवणावळींत. राणी घरी यायची ना!"

पद्माकाकूंचं बोलणं नेहमी असं मधूनच सुरू होतं. मी कपडे वाळत घालत होते. अँथनी म्हणजे कोपऱ्यावरचा प्लंबर असणार असं धरून मी विचारलं, "कोणती राणी?"

"पहिली एलिझाबेथ! आणखी कोण?"

म्हणजे हा अँथनी चारशे वर्षांपूर्वीचा निघाला. इंग्लंडात हंटिंग्डनला आमची दोन मराठी घरं शेजारी शेजारी, मध्ये छातीएवढं लाकडी कुंपण. काकू मूळच्या पुण्याच्या. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या आणि मुलाकडे राहायला आल्या. गल्लीतल्या जिवंत माणसांबद्दल त्या अवाक्षर काढत नाहीत, सगळी हौस गेलेल्यांवर भागवतात. "मेलेल्यांच्या चहाड्यांचं पाप लागत नाही," म्हणतात, "आणि कुणी दारात भांडायलाही येत नाही." सध्या त्यांच्या तावडीत एकच घराणं सापडलंय, मोल्सवर्थ.

"आपल्या शब्दकोशाचे मोल्सवर्थ?"

"त्यांच्यापर्यंत येऊ गं सावकाश. आधी गाव बघ. इथून ए१४ रस्ता धरून पश्चिमेला गेलीस की थ्रॅप्स्टनच्या अलीकडे मोल्सवर्थ नावाचं गाव आहे. एक चर्च आणि थोडी घरं, बस्स. पण १०८६ साली विल्यम राजाने देशभरच्या जमिनी मोजून जे डूम्सडे बुक लिहवून घेतलं, त्यात त्याची नोंद आहे. म्यूल नावाच्या कुणा इसमाने कुंपण घालून घेतलेलं रान, त्याचं पुढे गाव झालं."

"मग तिथे घरोघर मोल्सवर्थच असतील."

काकूंनी कपाळावर हात मारला. "इथेच सगळे फसतात. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारेल? जो गाव सोडून दुसरीकडे गेला, त्याला तिथले लोक म्हणणार, हा मोल्सवर्थचा. आपले चिपळूणकर गाजले कुठे? पुण्यात! तसंच आहे हे. गावाचं आडनाव म्हणजे कुणीतरी गाव सोडल्याची पावती."

"आणि हे आडनाव इतकं दुर्मिळ का?"

"स्मिथ गावोगाव, कारण लोहार गावोगाव. मोल्सवर्थ मात्र एकच आणि तेही एवढंसं. तिथून बाहेर पडून पडून किती जण पडणार? शिवाय मुलगी सासरी गेली की नाव बदललं. मुलगे नसले की त्या घरापुरतं नाव बुडालंच. शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनला हीच काळजी होती की खानदानी नावं अशी नाहीशी का होतात. १८७४ मध्ये त्याने आणि हेन्री वॉटसन नावाच्या पाद्रीबाबाने मिळून त्याचं चक्क गणित मांडलं. ज्या नावाची घरंच कमी, त्याला एका पिढीतला फटकासुद्धा पुरतो."

एवढं सांगून त्यांनी कोथिंबिरीची जुडी कुंपणावरून माझ्या हातात ठेवली. म्हणजे आज बराच वेळ लागणार होता.

"हं, तर तो अँथनी. हे लोक हंटिंग्डनशर सोडून शेजारच्या नॉर्थम्प्टनशरमध्ये गेले होते. अँथनीचं घर फॉदरिंगेला. १५८७ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीचं डोकं उडवलं, तेच गाव. घराण्याच्या वंशावळीत लिहिलंय की गृहस्थ मोठे उदार. एलिझाबेथ राणीची सरबराई करता करता इतकं कर्ज झालं की बहुतेक जमीन विकावी लागली. आणि त्याचा भाऊ जॉन? तो तितकाच हिशेबी. कॉर्नवॉलला राजघराण्याच्या जहागिरीचा हिशेबतपासनीस म्हणून गेला आणि तिथे पेनकॅरो नावाची इस्टेट करून बसला."

"एक भाऊ खर्चात, एक हिशेबात."

"आणि सगळं आडनाव त्या दोघांच्या पायी दोन दिशांना गेलं! कॉर्नवॉलची शाखा जॉनची. अँथनीचा वंश समुद्र ओलांडून आयर्लंडला. तिथे क्रॉमवेलच्या काळात एका रॉबर्ट मोल्सवर्थने डब्लिनला व्यापारात पैसा केला, जमिनी मिळवल्या आणि १६५६ मध्ये वारला. त्याच साली, बाप गेल्यावर मुलगा जन्मला. त्याचंही नाव रॉबर्टच. हा पुढे डेन्मार्कला राजदूत म्हणून गेला, तिथल्या दरबाराशी भांडून परत आला आणि १६९४ मध्ये डेन्मार्कवर पुस्तक लिहून त्या राजाच्या मनमानीची लक्तरं वेशीवर टांगली. डेनिश दरबार भयंकर चिडला. इकडे मात्र पुस्तक धडाधड खपलं."

"म्हणजे पाहुणचार घेऊन वर निंदा!"

"आणि १७१६ मध्ये व्हायकाउंट ही पदवी. त्याचा मुलगा रिचर्ड तर आणखी भारी. १७०६ ची रामिईची लढाई. सेनापती मार्लबरो घोड्यावरून खाली पडला, शत्रू अंगावर आलेला. रिचर्ड त्याचा हुजऱ्या अधिकारी. त्याने आपला घोडा साहेबाला दिला आणि स्वतः पायउतार झाला. मार्लबरो वाचला, लढाई जिंकली. डब्लिनमध्ये त्यांच्या नावाचा मोल्सवर्थ रस्ता आहे. सरळ चालत गेलीस तर समोर लेन्स्टर हाउस, आयर्लंडची संसद."

मी चिमट्यांची पिशवी बाजूला ठेवली. कपडे आता कुठे वाळायचे तिथे वाळोत.

"कॉर्नवॉलच्या शाखेने काय दिवे लावले?"

"त्यांचा हेंडर मोल्सवर्थ जमैकाला गेला. रॉयल आफ्रिकन कंपनीचा तिथला अडत्या, म्हणजे माणसं विकणारी कंपनी, गुलामांची. तिथला कारभारही काही काळ त्याच्याच हातात होता. १६८९ मध्ये त्याला बॅरोनेट केलं. घराण्याच्या गोडव्यात हे सांगत नाहीत, म्हणून मी मुद्दाम सांगते. पण त्याच घरात सुमारे सव्वाशे वर्षांनी सर विल्यम जन्मला. केंब्रिजला शिकताना शिक्षकालाच द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. विद्यापीठाने काढून टाकलं, तर कॅलेला जाऊन ते द्वंद्व पुरं केलं!"

"आणि हा सुधारला?"

"सुधारला म्हणजे! पार्लमेंटात गेला. गुन्हेगारांना ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवण्याच्या पद्धतीची १८३७-३८ मध्ये चौकशी झाली, त्या समितीचा हा अध्यक्ष. तत्त्वज्ञ टॉमस हॉब्सचं सगळं लेखन सोळा खंडांत संपादित केलं. मंत्री असताना लंडनची क्यू बाग रविवारी कामकरी लोकांसाठी उघडली. १८५५ मध्ये वसाहतमंत्री झाला आणि त्याच वर्षी गेला, वय फक्त ४५. आणि पेनकॅरोच्या बागेतली गोष्ट ऐक. चिलीहून आणलेलं एक काटेरी झाड त्याने पाहुण्यांना दाखवलं. चार्ल्स ऑस्टिन नावाचा वकील म्हणाला, यावर चढताना माकडाचीसुद्धा फजिती होईल. इंग्लंडात त्या झाडाला आजही 'मंकी पझल' म्हणतात, आणि नावामागची गोष्ट म्हणून हीच सांगतात."

"समोरच्या चर्चच्या आवारात आहे तेच?"

"तेच. पुढे सर विल्यमच्या विधवेने पेनकॅरोला मोठमोठ्या लोकांची ऊठबस ठेवली. १८८२ मध्ये संगीतकार आर्थर सलिव्हन तिच्याकडे राहिला आणि 'आयोलांथी' या संगीतिकेचं काही काम त्याने तिथे केलं. पेनकॅरोजवळच्या वेडब्रिज गावाचा मुख्य बाजाररस्ता मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, आणि तिथल्या जुन्या खाणावळीच्या पाटीवरही मोल्सवर्थच."

काकूंच्या सुनेने आतून हाक मारली. काकूंनी ती ऐकली नाही असं ठरवलं.

"आता रॉचडेलची भानगड. डब्लिनच्या शाखेतले जॉन एडवर्ड नॅसॉ मोल्सवर्थ १८३९ पासून लँकशरमध्ये रॉचडेलचे धर्मगुरू. चर्चचा कर सगळ्यांनी भरलाच पाहिजे असा हट्ट. त्याच गावचा पुढारी जॉन ब्राइट कराच्या विरोधात, त्यामुळे गावात दोन तट. आणि मजा अशी की या पाद्रीबाबांचा मुलगा विल्यम ब्राइटचा मित्र! रॉचडेलला १८४४ मध्ये विणकरांनी सहकारी दुकान काढलं ना, सहकार चळवळीचं मूळ? त्या सहकारवाल्यांनाही या मुलाचा पाठिंबा."

"बापाच्या नाकावर टिच्चून!"

"दुसरा मुलगा गिल्फर्ड इंजिनिअर झाला. आधी सिलोनची रेल्वे, मग १८७१ पासून हिंदुस्थान सरकारचा रेल्वे सल्लागार. इंजिनिअरांनी खिशात बाळगायची सूत्रांची छोटी वही त्याने छापली, ती जुन्या इंजिनिअरांच्या चांगलीच ओळखीची. बघ हं, एका बापाच्या पोटी एक सहकारवाला, एक रेल्वेवाला. नाव दुर्मिळ असलं की अशी माणसं चटकन हुडकता येतात. स्मिथांच्या गर्दीत कोण कुणाचा भाऊ हे शोधता शोधता आयुष्य संपेल."

"पण सगळे मोल्सवर्थ एकाच रक्ताचे, हे कशावरून?"

काकूंना हाच प्रश्न हवा होता. "टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी लेस्टर विद्यापीठात चाळीस ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं. २००९ मध्ये ते छापून आलं. स्मिथ स्मिथ भेटले तर नातं बहुधा लागत नाही. दुर्मिळ आडनावाचे दोघे भेटले, तर एकाच मूळ पुरुषाचे असण्याची शक्यता बरीच. बरीच म्हणते मी, खात्री नाही. एका गावातून दोन वेगळी घरंही निघू शकतात, दत्तक असतं, आणि भानगडीही असतात. त्याच्याही आधी, १८९० मध्ये, हेन्री गपी नावाच्या डॉक्टरने ब्रिटनभरच्या आडनावांची घरं शोधली, तेव्हा त्याने मोजले फक्त शेतकरी. शेतकरी जागा सोडत नाही, म्हणून."

"आणि मोल्सवर्थांनी तर जागा सोडायचा सपाटाच लावला."

"कॉर्नवॉल, डब्लिन, जमैका, रॉचडेल. मग मेलबर्न! डब्लिनचा आणखी एक रॉबर्ट तिथे व्हिक्टोरियाच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश झाला. दुसऱ्यांचे खटले निवाडणाऱ्या या माणसाचं स्वतःच्या बायकोशी भांडण कोर्टात गेलं, सगळ्या शहराच्या तोंडी. न्यूझीलंडला सर विल्यमचा भाऊ फ्रान्सिस गेला. वेलिंग्टनच्या संसदेला लागून जातो तोही मोल्सवर्थ रस्ताच. आणि त्या देशातलं सगळ्यांत मोठं गुरांचं शेत, सुमारे १,८०,००० हेक्टर, त्याचं नाव मोल्सवर्थ स्टेशन. एवढ्याशा गावाने केवढी जमीन व्यापली बघ."

"काकू, आपले मोल्सवर्थ राहिले."

"जेम्स टॉमस. जन्म १७९५. मुंबईच्या फौजेत आले, मराठी शिकले आणि शास्त्र्यांना हाताशी धरून १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला. कँडी बंधूंची मदत. १८५७ मध्ये त्याची आणखी मोठी आवृत्ती. आपल्या लोकांनी त्यांचं मोलेसरशास्त्री करून टाकलं. बाकी ब्रिटनमध्ये मोल्सवर्थ म्हटलं की लोकांना आठवतो नायजेल मोल्सवर्थ, १९५३ च्या 'डाउन विथ स्कूल!' मधला वात्रट शाळकरी पोरगा, ज्याला एक स्पेलिंग धड येत नाही. एकाच आडनावात हा आणि आपले कोशकार!"

"आणि त्या मूळ गावात आता काय आहे?"

"लष्करी तळ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बफेकी विमानं तिथून उडायची. ऐंशीच्या दशकात क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं, तेव्हा शांततावाल्यांनी तिथे तळ ठोकला. फेब्रुवारी १९८५ मध्ये एका रात्रीत हजारावर सैनिक आणून त्यांना हटवलं आणि सगळ्या तळाला तारेचं कुंपण घातलं. संरक्षणमंत्री हेसल्टाइन लष्करी जाकीट चढवून स्वतः हजर! १९८७ च्या अमेरिका-रशिया करारानंतर क्षेपणास्त्रं गेली, अमेरिकन तळ राहिला. बातम्यांत ते नाव लाखो लोकांनी ऐकलं, पण त्या नावाची माणसं कधीची पांगलेली."

सुनेची दुसरी हाक आली, या वेळी जरा वरच्या पट्टीत. काकू वळल्या, दोन पावलं गेल्या आणि परत आल्या.

"एक सांगू? नकाशावर ठिपके कुणीही काढतं. खरी गंमत आहे ती कोण कशासाठी निघालं यात. कुणी नोकरीसाठी, कुणी कर्जापायी, कुणी भांडून, कुणी दुसऱ्याच्या जिवावर पैसा करायला. मोल्सवर्थांचं हे सगळं सापडतं, कारण ते बडे लोक, त्यांच्या वंशावळी छापलेल्या. साध्या माणसाचं काय? चर्चच्या वहीत जन्म, लग्न, मृत्यू. तेही १५३८ नंतर."

काकू आत गेल्या, आणि त्यांचा मुद्दा मला सोळा आणे पटला. आडनाव कुठून निघालो ते सांगतं, का निघालो ते सांगत नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं. तेव्हा वाचकहो, तुमच्या आडनावातलं गाव कुणी, कधी आणि कशापायी सोडलं, हे घरात विचारून घ्या आणि साल घालून लिहून ठेवा. त्यात कुणाचं कर्ज किंवा भांडण निघालं तर ते मुळीच गाळू नका.