विरजण हवंय, लोकेशन ऑन करा

सगळ्यात आधी लोगो तयार झाला. समोरासमोरची दोन दारं, दोन्ही किलकिली, आणि फटीतून येणारा पिवळा उजेड. तो मी इतका वेळ न्याहाळत बसलो की अ‍ॅपमध्ये नेमकं असणार काय, हा प्रश्नच मला क्षुद्र वाटायला लागला. मग नाव. 'शेजारधर्म' म्हटलं तर बायको म्हणाली, एखाद्या धर्मादाय ट्रस्टचं त्रैमासिक वाटतं. 'उंबरठा' म्हटलं की १९८२ सालची स्मिता पाटील आठवते, आणि ती तर घर सोडून जाते. शेवटी मी 'डोकावू' हे नाव पक्कं केलं.

"शेजाऱ्यांनी डोकावू नये म्हणून लोक दीड कोटीचा फ्लॅट घेतात," बायको म्हणाली.

तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं, कारण तोपर्यंत माझी मुलाखत सुरू झाली होती. मनातल्या मनात. पुण्याला हरवलेला शेजार परत मिळवून देणारा माणूस म्हणून मी हनुवटीखाली मूठ ठेवून बसलो होतो आणि "खरं सांगायचं तर श्रेय माझं एकट्याचं नाही" हे वाक्य तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघत होतो. लोकांच्या मोबाइलवर कुठलं बटण कुठे असावं हे ठरवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. ज्याला बटणं कळतात त्याला माणसंही कळतात, असा आमच्या धंद्यात एक गोड समज आहे.

आमची कोथरूडची तीन मजली इमारत पुनर्विकासात अकरा मजली झाली आणि १२ बिऱ्हाडांची ४४ झाली. आता माणसं नंबरांनी ओळखली जातात. ७०१ ची गाडी आडवी लागते, ३०४ चा कुत्रा भुंकतो, १००३ सभेत भुंकतात. समोरच्या ४०२ च्या काकूंबद्दल मला त्यांच्या चपलांच्या रॅकपलीकडे काही माहिती नव्हती. फक्त मुलगा न्यू जर्सीला असतो हे कळलं होतं, ते कुरिअरच्या खोक्यावरून.

सोसायटीच्या कमिटीपुढे सादरीकरण करताना मी थेट अमेरिकेतून सुरुवात केली. तिथे एमआयटीने दुसऱ्या महायुद्धानंतर विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत बांधली होती. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी तिथे कोणाची कोणाशी मैत्री होते ते तपासलं आणि १९५० साली त्यावर पुस्तक काढलं. निष्कर्ष असा की मैत्रीला आवडीनिवडी लागत नाहीत, दार लागतं. लागूनच्या दारातली ४१ टक्के माणसं जवळचे मित्र म्हणून निवडली गेली. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांच्या बाबतीत हाच आकडा १० टक्क्यांवर आला. ज्यांची दारं जिन्यापाशी होती त्यांची वरच्या मजल्यावरही ओळख झाली. मी स्लाइडवर बाण काढले होते. सेक्रेटरींनी चष्मा वर करून बाणांकडे बघितलं आणि विचारलं, "यात मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी टाकता येईल का?"

त्या तिघा संशोधकांच्या वेळी सेफ्टी डोअर नव्हतं, एवढंच मी म्हणू शकतो.

तरीही मी कामाला लागलो. पहिली सोय 'उसनवार'. अमेरिकेतल्या गोष्टींत शेजारीण कपभर साखर मागायला येते. आपल्याकडे मागायची वस्तू एकच, विरजण, आणि या विषयावर मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण कमिटीने बोलू दिलं नाही.

साखर मागितली की ती परत करावी लागते. विरजण कोणी परत करत नाही. ते चमचाभर असतं, आणि देणाऱ्याचं काही कमी होत नाही, कारण उरलेल्या दह्यातून उद्या पुन्हा तेवढंच तयार. दही बिघडण्याचे प्रकारही किती! कधी नुसतं आंबट ढोण, कधी वर पाणी सुटलेलं, कधी चमचा उचलला की तार येते. थंडीत तर लागतच नाही. मग पातेलं शालीत गुंडाळा, पिठाच्या डब्यात ठेवा, रात्री उठून झाकण उघडून बघा आणि आईचा ओरडा खा. दूध किती कोमट हवं याला थर्मामीटर चालत नाही, करंगळी लागते, आणि प्रत्येक घरातली करंगळी वेगळी. शेवटी हात टेकले की वाटी घेऊन समोर जायचं. तेही दिवेलागणीच्या आत, कारण तिन्हीसांजेला विरजण द्यायचं नाही असं आमच्या जुन्या इमारतीतल्या सगळ्या बायकांचं मत होतं आणि त्यावर सभा घ्यावी लागली नव्हती. आता गंमत बघा. आज आपण ज्यांच्याकडून विरजण आणलं, त्यांनी गेल्या पावसाळ्यात ते आपल्याकडूनच नेलेलं असायचं. म्हणजे आपलंच दही चार दिवस माहेरपण करून परत यायचं. अशा रीतीने बाराही बिऱ्हाडं वर्षानुवर्षं एकाच घराण्याचं दही खात होती. पाण्याच्या वेळेवरून अबोला धरलेली दोन घरंसुद्धा. तोंड बंद, पण जिवाणू एकच!

हे सगळं मला एका पडद्यावर आणायचं होतं. 'विरजण हवंय' असं बटण, आणि ते दाबलं की पंधरा मीटरच्या परिघातल्यांना सूचना. आता मोबाइलचं जीपीएस उघड्या आकाशाखाली चारपाच मीटरपर्यंत बरोबर सांगतं, पण आडवं. उभ्या दिशेने त्याचा अंदाज आणखी ढिला, आणि छताखाली तर विचारूच नका. त्याच्या लेखी ४०२ आणि ९०२ ही एकच जागा. पहिल्याच चाचणीत माझी विरजणाची हाक पाच मजले वर गेली आणि तिथल्या तरुण जोडप्याने दहा मिनिटांत येणाऱ्या किराण्याच्या अ‍ॅपवरून दह्याचा कप मागवून माझ्या पत्त्यावर पाठवला. वर एक हसरा चेहरा. जोडपं फारच सज्जन. मला त्यांची नावं अजून माहीत नाहीत.

मग चांदण्या. घेतलेल्या विरजणाला एक ते पाच गुण देण्याची मी सोय केली होती. बायकोने विचारलं, "समोरच्या काकूंच्या दह्याला तू तीन देणार, आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये त्यांच्या शेजारी उभा राहणार?"

आमच्या धंद्याचा सगळा खटाटोप घर्षण कमी करण्यासाठी असतो. दाबणं कमी, विचारणं कमी, थांबणं कमी. आणि शेजार म्हणजे तर निव्वळ घर्षण. म्हणून चाळीच्या आठवणींनी गळा काढणाऱ्यांचा मला जरा रागच येतो. ते बहुतेक तीन बेडरूमच्या दिवाणखान्यातून काढतात. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास. तिथल्या माणसाला ५०० चौरस फुटांचं, स्वतःचा संडास असलेलं घर मिळत असेल तर त्याने आधी कडी लावून दोन तास निवांत बसावं. शेजारप्रेमावर त्याला व्याख्यान देणारे आपण कोण?

या सगळ्यात एका गोष्टीने मात्र माझं डोकं खरोखर फिरलं. अ‍ॅपवर आपणहून आलेला पहिला संदेश विरजणाचा नव्हता. "सहाव्या मजल्याच्या जिन्यात अनोळखी इसम बसला आहे. फोटो सोबत." मिनिटभरात सूचनांचा पाऊस. वॉचमन झोपा काढतो का, पोलिसांना कळवा, बॅचलरना भाड्याने द्याल तर हेच होणार. तो इसम ६०३ मध्येच राहतो. किल्ली जोडीदाराकडे राहिली म्हणून पायरीवर बसून कंपनीचं काम करत होता. इतक्या जणांनी त्याचा फोटो मोठा करकरून बघितला, पण सहा पायऱ्या उतरून "काय रे, बाहेर का बसलायस?" असं कोणी विचारलं नाही. 'नेक्स्टडोअर' नावाचं शेजाऱ्यांचं अ‍ॅप अमेरिकेत २०११ पासून चालतं. तिथेही लोक रस्त्यावरच्या काळ्या माणसांना 'संशयित' म्हणून टाकायला लागले. ओकलंडमधल्या रहिवाशांनी आवाज उठवला, तेव्हा २०१६ मध्ये कंपनीला तक्रारीचा अर्ज बदलावा लागला. वंश लिहिलात तर कपडे, बूट, केस यांचंही वर्णन द्या, असं अ‍ॅप अडवून विचारू लागलं. म्हणजे मी जे घर्षण आयुष्यभर पुसत आलो, ते त्यांना मुद्दाम परत घालावं लागलं. मीही फोटोचं बटण काढून टाकलं. सेक्रेटरी म्हणाले, मग अ‍ॅपचा उपयोग काय?

त्याच आठवड्यात मी ४०२ ची बेल वाजवली. नवं अ‍ॅप एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला वापरायला देऊन मागे वही घेऊन उभं राहायचं, अशी रीत आहे. काकूंनी उसनवार बघितलं, लोगोला "छान आहे हो" म्हणाल्या, आणि मग विचारलं, "यात मी सकाळी उठले हे कळेल का?"

"कोणाला?"

"कोणालाही. पूर्वी दुधाची पिशवी दाराला लटकलेली दिसली की कोणीतरी बेल मारायचं. आता मी बिनदुधाचा चहा घेते."

मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता, वाण्याला सामान सांगावं तसा. मुलाला कळवायची सोय करू का म्हटलं, तर म्हणाल्या, "त्याला नको. तिकडे रात्र असते. घाबरतो, आणि करणार काय तिथून?" घरभर माझ्या लोगोतल्यासारखाच पिवळा उजेड होता, आणि मला त्या लोगोची भयंकर लाज वाटली.

तर 'डोकावू'मध्ये आता एकच बटण आहे. 'उठले'. काकू दाबतात, माझा फोन वाजतो. कमिटीने हे बटण मेंटेनन्सशी जोडण्याची सूचना केली होती, म्हणजे थकबाकी असेल तर उठता येऊ नये. ती मी फेटाळली. वापरकर्त्यांची संख्या दोन, पण रोजचा वापर शंभर टक्के. या आकडेवारीवर मुलाखत होऊ शकते असं मला अजूनही वाटतं.

अडचण एवढीच की काकू साडेचारला उठतात. मी गुपचूप 'साडेसहाच्या आधी आवाज बंद' अशी सोय करून घेतली. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. परवा आठ वाजता बेल वाजली. दारात काकू, हातात मोबाइल. मी अजून अंथरुणात. आतून मला त्यांचा बायकोशी चाललेला संवाद ऐकू येत होता.

"हे अ‍ॅप यांनीच केलंय ना?"

"हो ना."

"मग यांना स्वतःचं बटण दाबता येत नाही का? साडेसहापासून वाट बघतेय मी."